जेम्स मन्रो : एकी कोणाची, किंमत कोणाची?

युद्ध संपले की देशात एक वारे सुटते. झेंडे फडकतात, मिरवणुका निघतात, आणि जुनी भांडणे विसरून सर्वांनी एक व्हावे असे आवाहन होते. आवाहन चांगलेच असते. पण वकिलीच्या व्यवसायात एक सवय लागते. समझोत्याचा कागद पुढे आला की मजकुराआधी खालच्या सह्या पाहायच्या, आणि ज्याच्या हक्काबद्दल समझोता झाला आहे त्याची सही त्यात आहे की नाही, हे तपासायचे. अमेरिकेचे पाचवे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांचे चरित्र असे सह्या तपासत वाचले पाहिजे.

शाळेच्या पुस्तकात मन्रो यांचे नाव येते ते १८२३ च्या मन्रो सिद्धान्तामुळे. अमेरिका खंडात युरोपच्या सत्तांनी नव्या वसाहती करू नयेत, असे त्यांनी बजावले, एवढे विद्यार्थी पाठ करतात. परंतु अमेरिकेच्या इतिहासात त्यांच्या कारकिर्दीला आणखी एक नाव आहे : सद्भावनेचा काळ. १८१७ ते १८२५ या आठ वर्षांत पक्षभेद मावळले, देश एकदिलाने उभा राहिला, असे सांगितले जाते. ही सद्भावना कोणाची कोणाविषयी होती, हा आपला प्रश्न आहे.

मन्रो यांचा जन्म २८ एप्रिल १७५८ रोजी व्हर्जिनियातील वेस्टमोरलँड परगण्यात झाला. वडील बेताच्या ऐपतीचे शेतमालक होते आणि सुतारकामही करीत. मन्रो सोळा-सतरा वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघेही वारले. न्यायाधीश असलेल्या मामांनी, जोसेफ जोन्स यांनी, भाच्याला आधार दिला आणि विल्यम अँड मेरी कॉलेजात घातले. इंग्लंडविरुद्धचे युद्ध पेटले तसा हा मुलगा कॉलेज सोडून सैन्यात गेला. २६ डिसेंबर १७७६ च्या ट्रेंटनच्या लढाईत त्यांच्या खांद्यात गोळी घुसली आणि रक्तवाहिनी तुटली. वेळेवर एका डॉक्टराने रक्त थांबवले म्हणून ते वाचले. तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते.

जॉर्ज वॉशिंग्टन होडीतून डेलावेअर नदी ओलांडत आहेत, असे एक प्रसिद्ध चित्र आहे. इमॅन्युएल लॉइट्झ यांनी ते १८५१ मध्ये काढले. त्यात झेंडा धरलेला जो तरुण दिसतो तो मन्रो. गंमत अशी की चित्रात दिसतो तसा पट्टे-ताऱ्यांचा झेंडा त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता, तो पुढच्या वर्षी ठरला. राष्ट्राभिमानाची चित्रे अशी मागाहून रंगवली जातात. पण खांद्यातली गोळी खरी होती. मन्रो यांनी देशासाठी रक्त सांडले, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे.

पुढे ते थॉमस जेफरसन यांच्या हाताखाली कायदा शिकले आणि वकील झाले. १७८८ मध्ये राज्यघटना मंजुरीसाठी व्हर्जिनियाच्या परिषदेपुढे आली तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले. त्यांचा एक मुख्य आक्षेप असा, की घटनेत नागरिकांच्या मूलभूत हक्कांची सनद नाही. आक्षेप रास्त होता. १७९१ मध्ये ती सनद घटनेला जोडली गेली. हक्क कागदावर नोंदलेले नसतील तर सत्ता ते गिळते, हे त्यांना नेमके कळत होते. मात्र त्याच घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामाला तीन पंचमांश माणूस धरले होते. त्या मोजणीचा लाभ गुलामाला काही नव्हता. मालकांच्या राज्यांचे बळ तेवढे त्यातून वाढत होते. मन्रो यांची हक्कांची कळकळ या कलमापर्यंत पोहोचली नाही. ते स्वतः गुलामांचे मालक होते.

याची खरी परीक्षा १८०० साली झाली. मन्रो तेव्हा व्हर्जिनियाचे गव्हर्नर होते. रिचमंडजवळच्या मळ्यावर गॅब्रियल नावाचे चोवीस वर्षांचे गुलाम लोहार होते. त्यांना लिहिता-वाचता येत होते. त्यांनी शेकडो माणसे जोडली. रिचमंडवर चालून जायचे, शस्त्रे ताब्यात घ्यायची, गव्हर्नर मन्रो यांना ओलीस ठेवायचे आणि गुलामांची सुटका मागायची, असा बेत होता. व्हर्जिनियाच्याच स्वातंत्र्यलढ्यातली घोषणा ते आपल्या झेंड्यावर लिहिणार होते. ३० ऑगस्टच्या रात्री मुसळधार पाऊस झाला, रस्ते आणि पूल बंद पडले. त्यातच दोन गुलामांनी मालकाला खबर दिली होती. मन्रो यांनी सैन्य बोलावले. धरपकड झाली.

खटले कसे चालले ते पाहा. गुलामांसाठी वेगळे न्यायालय होते. त्यात ज्यूरी नव्हती, अपील नव्हते. फाशी झालेल्या गुलामाची किंमत सरकारी तिजोरीतून मालकाला चुकती केली जाई. जीव एकाचा गेला आणि भरपाई दुसऱ्याला मिळाली, हा त्या कायद्याचा न्याय होता. सुमारे २६ जणांना फाशी झाली. गॅब्रियल यांना १० ऑक्टोबर १८०० रोजी फासावर चढवले. मन्रो यांच्यासमोर आणल्यावरही त्यांनी साथीदारांविषयी तोंड उघडले नाही. फाशी कुठे थांबवाव्यात, हा प्रश्न मन्रो यांना पडला होता. त्यांनी जेफरसन यांचा सल्ला विचारला आणि जेफरसन यांनी आता पुरे असे सुचवले. काहींची फाशी टळून त्यांना राज्याबाहेर पाठवण्यात आले. म्हणजे मन्रो दगडाच्या काळजाचे नव्हते. पण ट्रेंटनला आपण ज्यासाठी गोळी खाल्ली, तेच गॅब्रियल मागत होते, हे त्यांनी मान्य केले असते तर त्यांचा मळा, त्यांचे पद आणि त्यांचे राज्य यांपैकी काहीच जागेवर राहिले नसते.

पुढे मन्रो यांची चढती कमान सुरू झाली. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेण्याचा करार रॉबर्ट लिव्हिंगस्टन आणि त्यांनी मिळून केला. देशाचा आकार जवळपास दुप्पट झाला. १८११ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि जून १८१२ मध्ये इंग्लंडशी पुन्हा युद्ध जुंपले.

या युद्धाला अमेरिकेत दुसरे स्वातंत्र्ययुद्ध मानतात. २४ ऑगस्ट १८१४ रोजी इंग्रजांनी वॉशिंग्टन शहरात शिरून संसदभवन आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान जाळले. त्याआधी शत्रूची हालचाल टिपायला परराष्ट्रमंत्री मन्रो स्वतः घोड्यावर बसून गेले होते. राजधानी जळाल्यावर युद्धखातेही त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते नेटाने सांभाळले. सप्टेंबरमध्ये बाल्टिमोर वाचले. त्या प्रसंगावर लिहिलेले गीत पुढे, १९३१ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्रगीत झाले. डिसेंबर १८१४ मध्ये गेंट येथे तह झाला. तहाने कोणाचीही हद्द फारशी बदलली नाही. पण तहाची बातमी पोहोचण्याआधी, जानेवारी १८१५ मध्ये, न्यू ऑर्लिन्सला अमेरिकेने मोठा विजय मिळवला होता. आपण जिंकलो, अशी भावना देशभर पसरली.

आता याच युद्धाची दुसरी बाजू. एप्रिल १८१४ मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल कॉक्रन यांनी जाहीर केले, की जे आमच्याकडे येतील त्यांना सैन्यात घेऊ किंवा इंग्रज वसाहतीत मुक्त माणूस म्हणून वसवू. चेसापीक परिसरातून सुमारे चार हजार गुलाम मळे सोडून इंग्रजांकडे गेले. त्यांच्यातून उभी राहिलेली तुकडी लढली. पुढे अनेक जण नोव्हा स्कोशिया आणि त्रिनिदाद येथे वसले. या माणसांना देशद्रोही म्हणायचे काय? ज्या देशाने त्यांना माणूस मानले नाही, त्या देशाशी त्यांनी कोणत्या करारान्वये निष्ठा ठेवावी?

अमेरिकी सरकारने मात्र हा विषय सोडला नाही. गेंटच्या तहाच्या पहिल्याच कलमात पळालेल्या गुलामांचा मालमत्ता म्हणून उल्लेख होता. त्याचा आधार घेऊन भरपाईचा दावा लावला गेला. वाद रशियाच्या झारकडे लवादासाठी गेला, १८२२ मध्ये निवाडा अमेरिकेच्या बाजूने झाला आणि अखेर १८२६ मध्ये इंग्लंडने १२ लाख ४ हजार ९६० डॉलर द्यायचे कबूल केले. मन्रो यांच्या सद्भावनेच्या काळातला हा एक मोठा राजनैतिक खटला. राष्ट्राभिमान वसूल झाला. पैसे मालकांचे.

युद्धाला विरोध करणारा फेडरलिस्ट पक्ष या लाटेत बुडाला. हार्टफर्ड येथे परिषद भरवून त्यांनी तक्रारी मांडल्या, नेमका त्याच वेळी विजय आणि तह झाला आणि ते लोकांच्या नजरेतून उतरले. १८१६ च्या निवडणुकीत मन्रो यांना १८३ आणि रुफस किंग यांना ३४ निर्वाचक मते मिळाली. १८१७ च्या उन्हाळ्यात नवे राष्ट्राध्यक्ष उत्तरेच्या दौऱ्यावर निघाले. अंगावर क्रांतिकाळातला जुना पोशाख, तीन कोनी टोपी. कालपर्यंत विरोधात असलेल्या बोस्टनने त्यांचे जंगी स्वागत केले आणि तिथल्याच एका वर्तमानपत्राने सद्भावनेचा काळ हे नाव दिले. मन्रो यांनी मंत्रिमंडळातही उत्तर-दक्षिण सांभाळले. मॅसॅच्युसेट्सचे जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, साउथ कॅरोलिनाचे जॉन कॅल्हून, जॉर्जियाचे विल्यम क्रॉफर्ड असे प्रांताप्रांतांचे नेते त्यांनी एकत्र बसवले. एप्रिल १८१८ मध्ये त्यांनी झेंड्याचा कायदा मंजूर केला. पट्टे कायमचे तेरा आणि प्रत्येक राज्याचा एक तारा. तेव्हा तारे वीस झाले.

पक्षभेद मिटवण्याची त्यांची तळमळ प्रामाणिक होती. पण पक्ष मिटले म्हणजे प्रश्न मिटत नाहीत. प्रश्न विचारणारे तेवढे कमी होतात.

ही एकी सुरू असतानाच, डिसेंबर १८१६ मध्ये, अमेरिकन कोलोनायझेशन सोसायटी स्थापन झाली होती. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवावे हा तिचा हेतू. मन्रो यांचा तिला पाठिंबा होता. १८१९ च्या गुलाम-व्यापारविरोधी कायद्यातील तरतुदीचा सैल अर्थ लावून त्यांनी सरकारी मदत तिकडे वळवली. त्यातून लायबेरियाची वसाहत झाली आणि १८२४ मध्ये तिच्या मुख्य गावाला मन्रोव्हिया असे नाव मिळाले. आजही ती लायबेरियाची राजधानी आहे.

यावर कृष्णवर्णीयांचे म्हणणे काय होते? जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे तीन हजार मुक्त कृष्णवर्णीय जमले. जहाजाची शिडे बनवणारे उद्योजक जेम्स फोर्टन अध्यक्षस्थानी होते. फोर्टन यांनी पोरवयात स्वातंत्र्ययुद्धात जहाजावर काम केले होते आणि १८१४ मध्ये शहराच्या बचावासाठी तटबंदी उभारायला आपल्या बांधवांना नेले होते. सभेने एकमुखाने ठरवले, की ही भूमी आमच्या पूर्वजांच्या घामावर उभी आहे, आम्ही ती सोडणार नाही आणि गुलामीत राहिलेल्या भावंडांपासून वेगळे होणार नाही. मला विचाराल तर त्या काळातला राष्ट्राभिमानाचा अस्सल ठराव हाच. पण सद्भावनेच्या इतिहासात बोस्टनचे स्वागत येते, फिलाडेल्फियाची सभा येत नाही.

मूळनिवासी जमातींचेही तेच. युद्धात टेकुमसे मारले गेले आणि त्यांची एकजूट मोडली. क्रीक लोकांकडून १८१४ च्या तहात सुमारे २.३ कोटी एकर जमीन काढून घेतली गेली. जाता जाता, जानेवारी १८२५ मध्ये, मन्रो यांनी या जमातींना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याची शिफारस काँग्रेसला केली. देश मोठा होत होता तो कोणाच्या तरी घरावरून.

फेब्रुवारी १८१९ मध्ये झाकण उडाले. मिसुरीला राज्य म्हणून प्रवेश द्यायचा होता. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेम्स टॅलमेज यांनी दुरुस्ती सुचवली, की तिथे नवे गुलाम आणू नयेत आणि पुढे जन्मणाऱ्यांना टप्प्याने मुक्त करावे. एवढ्यावर दक्षिण खवळली, देश फुटण्याची भाषा सुरू झाली. १८२० मध्ये तोडगा निघाला. मिसुरी गुलामीसह, मेन गुलामीविना. लुइझियाना खरेदीच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामी नाही. मन्रो यांनी मंत्रिमंडळाचे मत घेतले. अशी बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकार आहे, असे सर्वांनी, कॅल्हून यांनीसुद्धा, मानले. ६ मार्च १८२० रोजी मन्रो यांनी सही केली. झेंड्यावर दोन्हींकडचे तारे सारखे राहिले.

त्याच वर्षी मन्रो पुन्हा निवडून आले. निर्वाचकांची २३१ मते त्यांना आणि फक्त एक मत विरोधात. वॉशिंग्टन यांच्यानंतर इतके एकमत कोणाच्याही वाट्याला आले नाही. त्याच वर्षीच्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ९६ लाख होती आणि त्यातले १५ लाखांवर गुलाम होते. सहातला जवळजवळ एक माणूस या एकमतात नव्हता.

मिसुरीचा समझोता केला नसता तर देश १८२० मध्येच फुटला असता, असा मन्रो यांच्या बाजूने युक्तिवाद होतो. तो हलका नाही. देश फुटला असता तर दक्षिणेत गुलामीला कोण आवरणार होते, असेही विचारता येते. मी एवढेच म्हणतो, की दोन पक्षांनी आपापसातले भांडण मिटवण्यासाठी तिसऱ्याचा हक्क वाटून घेतला तर त्याला त्या दोघांची वाटणी म्हणावे. न्याय म्हणू नये. आणि अशी वाटणी टिकतही नाही. १८२२ मध्ये चार्ल्स्टन येथे डेन्मार्क व्हेसी यांच्या उठावाचा बेत फुटला आणि ३५ जणांना फाशी झाली. १८२४ च्या निवडणुकीत मन्रो यांच्याच मंत्र्यांमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी झुंज लागली आणि एकपक्षीय एकीच्या चिंध्या झाल्या.

निवृत्तीनंतर मन्रो कर्जात बुडाले. सरकारी कामासाठी केलेला खर्च मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे काँग्रेसकडे दावा लावला, काही रक्कम मिळालीही. तो त्यांचा हक्क होता. पण कर्ज फेडण्यासाठी १८२८ मध्ये त्यांनी आपल्या हायलँड मळ्यावरची गुलाम कुटुंबे फ्लोरिडातल्या एका मळेवाल्याला विकली. फ्लोरिडा देशाला मिळाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या त्या माणसांनी आपल्या श्रमाचा दावा कोणत्या काँग्रेसपुढे लावायचा होता? १८३० मध्ये पत्नी एलिझाबेथ गेल्या. मन्रो मुलीकडे न्यूयॉर्कला गेले आणि ४ जुलै १८३१ रोजी, देशाच्या स्वातंत्र्यदिनीच, त्यांचे निधन झाले. सात आठवड्यांनी व्हर्जिनियात नॅट टर्नर यांचा उठाव झाला.

मिसुरीची रेषा १८५४ च्या कायद्याने पुसली गेली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, काँग्रेसला असा अधिकारच नव्हता आणि कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. १८५८ मध्ये, मन्रो यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे अवशेष न्यूयॉर्कहून रिचमंडला नेण्यात आले. न्यूयॉर्कचे सैनिक मानवंदना देत सोबत गेले. उत्तर-दक्षिण बंधुत्वाचा सोहळा झाला. तीनच वर्षांनी रिचमंड बंडखोर दक्षिणेची राजधानी झाली आणि यादवीत सहा लाखांवर सैनिक मेले. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपली. १८२० मध्ये जे पुढे ढकलले होते, त्याची व्याजासह वसुली झाली.

या इतिहासाशी आपले नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. मळ्याच्या मालकांची एकी जोतीरावांना भावली नाही, ती मोडून न्याय करणारी माणसे त्यांना आपली वाटली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बंधुतेविषयी बोलताना अमेरिकेचाच दाखला दिला. तिथल्या एका चर्चच्या प्रार्थनेत राष्ट्र हा शब्द घालायलाही लोक कचरले होते. मग हजारो जातींत विभागलेला समाज आपोआप राष्ट्र कसा होईल, असे त्यांनी विचारले. राष्ट्र घोषणेने होत नाही, समता आणि बंधुता प्रत्यक्षात उतरली तरच ते उभे राहते, हा त्या भाषणाचा गाभा आहे.

बाबासाहेब फाळणीच्या जखमा ओल्या असताना बोलत होते. एकीची गरज त्यांना इतर कोणाहून कमी वाटत नव्हती. तरीही राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतली विसंगती लवकर दूर केली नाही, तर ज्यांना तिची झळ बसते ते ही लोकशाहीची इमारत उधळतील, असा इशारा त्यांनी त्याच भाषणात दिला. मन्रो यांनी जे झाकले, ते बाबासाहेबांनी उघड्यावर मांडले, तेही संविधान मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी.

म्हणून वाचकहो, राष्ट्राभिमान सोडा असे सांगण्यासाठी हे लिहिले नाही. फोर्टन यांचा राष्ट्राभिमान कोणाहून कमी होता? आता वेळ एकीची आहे, तुमचे प्रश्न नंतर पाहू, असे कोणी म्हटले की अटक-मटक न करता एकच विचारा : नंतर म्हणजे कोणत्या तारखेला? अमेरिकेतल्या गुलामांना ती तारीख कोणी दिली नाही. १८२० पासून ती मिळवायला त्यांना पंचेचाळीस वर्षे लागली आणि नागरिकाचे हक्क खऱ्या अर्थाने हाती यायला आणखी शतक गेले. आपल्याजवळ संविधान आहे, त्यात बंधुता हा शब्द आहे आणि खाली आपल्या बापाची सही आहे. त्या सहीचा अंमल मागणे हीच आपली देशभक्ती.